एक पेटी बीअर, पाच वर्षं: जॉर्डन लव्हवरच्या पैजेचं प्रकरण

पार्श्वभूमी

ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे सामने एकत्र बघणाऱ्या आम्हा पाच जणांचं हे प्रकरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकीला लागून असलेल्या ब्रुकफील्डमधल्या एका तळघरात घडलं. माणसं खरी आहेत, नावं काढून टाकली आहेत. मी त्या पाच जणांपैकी एक. हिशेबाची वही माझ्याकडे असायची, म्हणून लिहिण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

घर दादांचं. सांगलीकडचे, पन्नाशीतले, इंजिनांच्या कारखान्यात इंजिनिअर. वहिनी हिशेबनीस. संघाच्या पगारमर्यादेचं, म्हणजे सॅलरी कॅपचं गणित आमच्यात फक्त त्यांना नीट कळतं. धाकटा नागपूरचा, आयटीवाला, दारूला हात न लावणारा. आणि शेजारी, मूळचा मिलवॉकीचा. मिलर या बीअरच्या कारखान्यात, म्हणजे ब्रुअरीत, कॅन भरण्याच्या लाइनवर एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेला. त्याच्याकडे वडिलोपार्जित तिकिटं आहेत. पॅकर्स १९९४ पर्यंत घरचे काही सामने मिलवॉकीत खेळायचे, त्या वेळच्या तिकीटधारकांना आजही ग्रीन बेच्या मोजक्या सामन्यांचं वेगळं पॅकेज मिळतं. ती दोन तिकिटं तो आम्हाला आळीपाळीने द्यायचा. आमची भांडणं त्याला किती मनावर घ्यावी लागत होती, ते यावरून समजावं.

ग्रीन बे हे लाखभर वस्तीचं गाव. तरी तिथे १९१९ मध्ये सुरू झालेला, राष्ट्रीय पातळीवरचा फुटबॉल संघ आहे, आणि त्याला मालक नाही. पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. भागावर लाभांश मिळत नाही, तो विकताही येत नाही. धाकट्याने शेवटच्या विक्रीत तीनशे डॉलर मोजून एक भाग घेतला आणि तेव्हापासून तो "माझ्या संघात" अशी सुरुवात करून बोलतो.

ज्यांनी फक्त आयपीएल पाहिलं आहे त्यांच्यासाठी ड्राफ्टबद्दल दोन शब्द. इथे कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंचा लिलाव होत नाही. बत्तीस संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नाव उचलतात, अशा सात फेऱ्या. गेल्या हंगामात जो तळाला तो पहिला, जो जिंकला तो शेवटी. क्रमाची अदलाबदल करता येते, पण त्यासाठी काहीतरी द्यावं लागतं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूशी चार वर्षांचा करार होतो आणि पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर असतं. आमच्या पैजेतली "पाच वर्षं" तिथून आली.

२३ एप्रिल २०२०

त्या जानेवारीत पॅकर्स उपांत्य सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोकडून ३७-२० असे हरले होते. रहीम मॉस्टर्ट एकट्याने २२० यार्ड धावला. त्यांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूला, अख्ख्या सामन्यात आठच पास टाकावे लागले. तरी दादांचं निदान ठाम होतं: आपल्याकडे डेव्हांते ॲडम्सच्या जोडीला दुसरा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, नाही. आपला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स छत्तीस वर्षांचा, हाताशी वेळ थोडा, तेव्हा या वर्षी रिसीव्हरच घ्यायचा.

कोविडमुळे ड्राफ्ट घरोघरच्या पडद्यांवर झाला. लीगचे कमिशनर आपल्या घराच्या तळघरातून नावं वाचत होते आणि आम्ही पाच जण झूमवर. शेजारी त्याच्या गॅरेजमध्ये घडीच्या खुर्चीवर, मागे बर्फ झटकायचं फावडं टांगलेलं. पॅकर्सचा क्रमांक तिसावा होता. त्यांनी मायामीला चौथ्या फेरीतली निवड जादा देऊन सव्विसावा क्रमांक घेतला, तेव्हा दादा उभेच राहिले. वर सरकले म्हणजे रिसीव्हर!

नाव आलं जॉर्डन लव्ह, क्वार्टरबॅक, युटा स्टेट विद्यापीठ.

झूमवरही शांतता ऐकू येते हे मला त्या दिवशी कळलं. ज्या जागी रॉजर्ससारखा माणूस उभा आहे तिथेच नवा पोरगा, आणि तोसुद्धा आधीच्या हंगामात २० टचडाउनबरोबर, म्हणजे सहा गुणांच्या पासबरोबर, १७ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात देणारा. दादांच्या तोंडून जे निघालं ते वहिनींनी म्यूटचं बटण दाबून अडवलं. शेजाऱ्याने मात्र शांतपणे कॅन उघडला आणि म्हणाला, "२००५." त्या वर्षी तेव्हाचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह पस्तीस वर्षांचा असताना पॅकर्सनी चोविसाव्या क्रमांकावर असाच एक पोरगा उचलला होता. तीन वर्षं तो बाकावर बसला. त्याचं नाव ॲरन रॉजर्स.

त्याच रात्री पैज लागली. वही म्हणजे मी गावाकडून आणलेली लाल कापडाची चोपडी. त्यात माझ्या हातची नोंद अशी आहे:

"लव्ह बरोबर की चूक. दादा: चूक. शेजारी: बरोबर. पेटी १, दर वर्षी, ५ वर्षं."

एवढंच. कोण ठरवणार, कशावरून ठरवणार, पेटी कसली, यातलं एकही अक्षर नाही.

अडचण कुठे सुरू झाली

पहिल्या हंगामात लव्ह एका मिनिटासाठीही मैदानात आला नाही. रॉजर्सने ४८ टचडाउन टाकले, प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेलेले पास पाच, आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघ पुन्हा उपांत्य सामन्यापर्यंत गेला आणि आपल्याच मैदानावर टँपा बेकडून ३१-२६ असा हरला.

दुसऱ्या दिवशी दोघांनीही पेटी मागितली.

दादांचं म्हणणं, एक रिसीव्हर असता तर आपण फायनलला असतो, पहिल्या फेरीतली निवड बाकावर बसून वाया गेली. शेजाऱ्याचं म्हणणं, लव्हला घेतलं म्हणून रॉजर्स पेटला, नाहीतर छत्तिसाव्या वर्षी कोण असं खेळतं? दोन्ही युक्तिवाद खोडून काढणं अवघड होतं, कारण दोन्ही "असतं तर" वर उभे होते. मी वहीत लिहिलं: "२०२०: वाद." पुढच्या वर्षीही तेच. रॉजर्स पुन्हा सर्वोत्तम खेळाडू, पुन्हा सॅन फ्रान्सिस्को, १३-१० ने हार. लव्ह एकदाच सुरुवातीपासून खेळला, कॅन्सस सिटीविरुद्ध, रॉजर्सला कोविड झाला म्हणून. तो सामना १३-७ ने गेला. "२०२१: वाद."

या काळात पेटी कोणीच आणली नाही. प्रत्येक जण आपापली बीअर आपापल्या कूलरमध्ये घेऊन येऊ लागला. तेव्हा हे आमच्या ध्यानात आलं नाही, पण आधी एकच कूलर असायचा.

"पाणी"

बीअरचं इथे सांगायला हवं. मिलवॉकी म्हणजे मिलर, पॅब्स्ट, श्लिट्झ, ब्लॅट्झ यांचं शहर. बेसबॉल संघाचं नावसुद्धा ब्रुअर्स. शेजारी सामना बघताना फक्त मिलर लाइट पितो. त्याचं म्हणणं, सामना साडेतीन तासांचा असतो, त्याला पुरेल अशी बीअर हवी. दादा स्पॉटेड काउचे भक्त. न्यू ग्लेरस ब्रुअरीची ही बीअर विस्कॉन्सिनबाहेर विकतच नाहीत. शिकागोच्या मित्रांकडे जाताना दादा दोन पेट्या डिकीत टाकतात आणि तिथे त्यांचं स्वागत एखाद्या आमदारासारखं होतं. शेजाऱ्याच्या मते ती पाहुण्यांची बीअर. वहिनी ब्रँडी ओल्ड फॅशन्ड घेतात, गोड. तीही इथलीच रीत. धाकटा रूट बीअर पितो, जिच्यात नावापुरतीच बीअर आहे.

१६ ऑक्टोबर २०२२. पॅकर्स घरच्या मैदानावर न्यू यॉर्क जेट्सकडून २७-१० ने मार खात होते. ॲडम्स मार्चमध्येच लास व्हेगासला गेला होता. तळघरात त्या दिवशी दादांच्या ऑफिसचे दोन पाहुणे होते. ब्राटवर्स्ट सॉसेज बीअर-कांद्यात उकळून ग्रिलवर चढवलेले, शेजारच्या कढईत वहिनींची कांदाभजी, आणि ताज्या चीज कर्ड्सची पिशवी, दाताखाली करकर वाजणाऱ्या. तिसऱ्या क्वार्टरमध्ये शेजारी म्हणाला, "लव्हला उतरवा." दादा हसले आणि पाहुण्यांकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "याचं काय ऐकता, याने जन्मभर पाणी कॅनमध्ये भरून बीअर म्हणून विकलंय."

सगळे हसले. मीही. शेजारी सामना संपेपर्यंत बसला, भज्यांबद्दल वहिनींचे आभार मानले आणि गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्या हंगामात तो पुन्हा आलाच नाही, तिकिटंही आली नाहीत.

समोर असलेले पर्याय

आम्ही सगळ्यांनी, आणि सर्वांत जास्त मी, असं धरून चाललो की तो पैजेवरून रागावलाय. त्यामुळे जे जे पर्याय निघाले ते सगळे पैज मिटवायचे.

पहिला, मतदान. नोव्हेंबरात आम्ही ते खरंच केलं. तीन विरुद्ध शून्य, लव्हची निवड चूक. वहिनींनी मत द्यायला नकार दिला: "अहो, वादी स्वतःच मत देतोय, प्रतिवादी हजर नाही. ही कसली पंचायत?" तरी मी वहीच्या पानाचा फोटो काढून शेजाऱ्याला पाठवला. सोबत अंगठ्याची एक खूण. या प्रकरणातली ती सर्वांत वाईट कृती, आणि ती माझी.

दुसरा, आकड्यांचं सूत्र. धाकट्याने तक्ता केला: सुरुवातीपासून खेळलेले सामने, टचडाउन, विजय. पण बाकावर बसवलेल्या माणसाचे आकडे काय मांडणार? तक्ता लव्हबद्दल काहीच सांगत नव्हता, पॅकर्सच्या धोरणाबद्दल सांगत होता.

तिसरा, पैज रद्द करून टाकायची. दादा यालाही तयार होते, पण "मी मोठेपणा दाखवतोय" अशा थाटात. वहिनींनी तो तिथल्या तिथे बाद केला.

चौथा, बीअरची आंधळी चाचणी. स्टीलच्या पेल्यांत दोन्ही ओतायच्या, डोळे बांधून ओळखायच्या. शेजाऱ्यापर्यंत हे पोचलं तेव्हा त्याने एका ओळीत उत्तर दिलं: "मी परीक्षा द्यायला येत नाही." खरं तर इथेच आमच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. फुटबॉलच्या तीन प्रस्तावांना त्याने उत्तरही दिलं नव्हतं. बीअरच्या प्रस्तावाला दिलं.

वळण: एक बार, एक अट

एप्रिल २०२३ मध्ये रॉजर्स जेट्सकडे गेला. फार्व्हही २००८ मध्ये तिथेच गेला होता, या योगायोगावर विस्कॉन्सिनने महिनाभर विनोद केले. त्या व्यवहारात एक अट होती. पॅकर्सना २०२४ ची दुसऱ्या फेरीतली निवड मिळणार, पण रॉजर्स जेट्ससाठी हंगामात ६५ टक्के खेळी मैदानात राहिला तर तीच निवड पहिल्या फेरीची होणार. दोन संघांचं रॉजर्सच्या तब्येतीबद्दल एकमत नव्हतं. त्यांनी वाद घातला नाही, आकडा लिहिला.

सप्टेंबरात मिलवॉकीतल्या एका बारने जाहीर केलं: जेट्स हरले तर त्या वेळचं गिऱ्हाइकांचं बिल बार भरणार. ११ सप्टेंबर, सोमवार. धाकटा शेजाऱ्याला स्वतः जाऊन घेऊन आला. भागधारकाचं बोलावणं मोडता येत नाही म्हणाला. दादा नव्हते. चौथ्याच खेळीत रॉजर्स खाली बसला. टाचेमागची शीर तुटली होती. बारमध्ये क्षणभर सगळे गप्प. त्याच्यावर रागावलेली माणसं होती तरी. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की आता जेट्स हरणार, आणि ऑर्डरी सुरू झाल्या. आमच्या टेबलावरही, लाज वाटली तरी. जेट्स जादा वेळात पंट रिटर्नवर, म्हणजे लाथेने उडवलेला चेंडू झेलून थेट पळत नेऊन, २२-१६ ने जिंकले. सगळ्या बारने निमूटपणे पाकिटं काढली.

परतताना गाडीत शेजारी म्हणाला, "बघ, कोणी भांडलं नाही. अट दारावर लिहिलेली होती." मग बराच वेळ गप्प. महामार्गावर आल्यावर म्हणाला, "लव्हचं मला काही नाही. तो त्याला पाणी म्हणाला."

मी गाडी चालवत होतो. अकरा महिने मी चुकीच्या भांडणाची मध्यस्थी करत होतो.

काय केलं

दोन गोष्टी वेगळ्या केल्या. हे वहिनींचं डोकं.

बीअरचं आधी. दादा माफी मागणाऱ्यातले नाहीत. "चुकलं" हा शब्द त्यांच्या तोंडून मी दोनदाच ऐकलाय, दोन्ही वेळा ड्रॉइंगच्या मापाबद्दल. वहिनींनी माफीचा आग्रह धरला नाही. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, आम्हाला ब्रुअरी दाखवाल का? ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दोघं नवराबायको त्याच्याबरोबर मिलरच्या कारखान्यात गेले. तिथे डोंगरात खोदलेल्या जुन्या गुहा आहेत, यंत्राचा गारवा येण्याआधी बर्फ भरून बीअर साठवायच्या. पण दादा रमले ते कॅन भरायच्या लाइनच्या गोष्टीत. शेजाऱ्याने त्यांना सांगितलं, फिक्या बीअरमध्ये चूक लपवायला जागा नसते. दर बॅच आधीच्यासारखीच लागली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक त्याच दिवशी ओळखतं. टॉलरन्सची, म्हणजे मापात किती चूक चालेल त्याची, भाषा दादांना कळते. घरी आल्यावर मला म्हणाले, "अरे, अवघड काम आहे ते." त्यांच्या हिशेबात ही माफीच होती. शेजाऱ्याच्याही असावी, कारण पुढच्या रविवारी तो भज्यांच्या वेळेला हजर होता.

मग पैज. तेव्हा लव्ह क्वार्टरबॅक झालेला होता. पहिल्या नऊ सामन्यांत तीन विजय. दादा म्हणाले, आत्ताच निकाल लावू. दोन महिन्यांनी, १४ जानेवारी २०२४ ला, पॅकर्सनी डॅलसला त्यांच्या मैदानात ४८-३२ ने झोडपलं, तेव्हा शेजारी म्हणाला, आत्ताच निकाल लावू. वहिनींनी दोघांनाही एकच उत्तर दिलं: वहीत पाच वर्षं लिहिलंय, दुसरं काही लिहिलेलं नाही, तेवढं तरी पाळा.

त्याच आठवड्यात त्यांनी एका कागदावर मूळ प्रश्न फोडून तीन प्रश्न केले. माणूस बरोबर निवडला का? वर्ष बरोबर निवडलं का? आणि त्याच्याऐवजी काय मिळालं असतं? प्रत्येकाची कसोटी खाली लिहिली. न्यायाधीश कोण, यावर घोडं अडलं. वहिनी तर एका पक्षाची बायको. शेजारी म्हणाला, "म्हणूनच मला चालेल. ती त्याला माझ्यापेक्षा चांगली ओळखते." दादांचा चेहरा बघण्यासारखा होता.

तिसऱ्या प्रश्नावर वहिनींनी घातलेली मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दादा चार वर्षं जस्टिन जेफर्सनचं नाव घेत होते. तो मिनेसोटाने बाविसाव्या क्रमांकावर उचलला आणि पहिल्याच वर्षी १,४०० यार्ड काढले. पण पॅकर्स आले सव्विसाव्यावर. त्या फेरीत सहा रिसीव्हर गेले आणि सहाचे सहा सव्विसाच्या आत. सहावा, ब्रँडन आयुक, पंचविसाव्यावर. त्यातला एकविसाव्यावरचा जेलन रेगर फिलाडेल्फियाने जेफर्सन शिल्लक असताना घेतला आणि पस्तावले. तेव्हा तुलना करायची ती सव्विसानंतर शिल्लक असलेल्यांशीच: टी हिगिन्स, जो तेहतिसाव्यावर गेला, मायकल पिटमन, जो चौतिसाव्यावर. आणि सॅन फ्रान्सिस्कोने ज्या तऱ्हेने धावत हरवलं ते आठवलं तर अठ्ठाविसाव्यावर गेलेला, बचावफळीतला लाइनबॅकर पॅट्रिक क्वीनही. दादांनी हे वाचून पहिल्यांदाच कबूल केलं की चार वर्षं ते दुकानातून आधीच विकल्या गेलेल्या मालाचा भाव करत होते.

निकाल

पाचवा हंगाम जानेवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध २२-१० च्या हारीने संपला. पुढच्या रविवारी तळघरात सुनावणी झाली.

पहिला प्रश्न शेजाऱ्याच्या बाजूने गेला, फारसा वाद न होता. २०२३ मध्ये लव्हने ४,१५९ यार्ड आणि ३२ टचडाउन टाकले, आणि जुलै २०२४ मध्ये पॅकर्सनी त्याच्याशी चार वर्षांचा २२ कोटी डॉलरचा नवा करार केला. संघाने खिशातून दिलेलं मत मतदानापेक्षा वजनदार.

दुसरा प्रश्न दादांचा. इथे वहिनींचं सॅलरी कॅपचं गणित कामाला आलं. नव्या पोराचा करार स्वस्त असतो, म्हणून चांगला क्वार्टरबॅक स्वस्तात मिळाला की उरलेल्या पैशात बाकी संघ बांधायचा, हा ड्राफ्टचा खरा फायदा. पॅकर्सनी लव्हची पहिली तीन वर्षं बाकावर घालवली, आणि ज्या वर्षी तो खेळू लागला त्याच वर्षी निघून गेलेल्या रॉजर्सचे चार कोटींहून अधिक डॉलर त्यांच्या मर्यादेत मोजले गेले. शिवाय २०२० आणि २०२१ मध्ये रॉजर्स लीगचा सर्वोत्तम खेळाडू असताना त्याला पहिल्या फेरीतून एकही रिसीव्हर मिळाला नाही. शेजाऱ्याने इथे हरकत घेतली. चांगला क्वार्टरबॅक हवा त्या वर्षी मिळत नाही, दिसला की घ्यावा लागतो. वहिनींनी हरकत नोंदवली, निकाल बदलला नाही. माझं मत शेजाऱ्याकडे झुकतं, पण मला कोणी विचारलं नाही आणि नोव्हेंबरच्या मतदानानंतर मी गप्प राहायला शिकलो होतो.

तिसरा बरोबरीत.

पेट्या पाच: दोन शेजाऱ्याला, दोन दादांना, आणि एक पाचही जणांची मिळून. पेटी जिंकणाऱ्याच्या आवडीची, हेही आता कागदावर होतं. त्यामुळे शेजाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा स्पॉटेड काउ विकत घ्यायला जावं लागलं. दुकानातला मुलगा त्याला ओळखतो. "पाहुणे आलेत," असं तो त्याला म्हणाला म्हणे. दादांनी मिलर लाइटऐवजी मिलर हाय लाइफ उचलून आणली, दोन्ही पेट्या. आम्ही श्वास रोखून बघत होतो. शेजाऱ्याने पेटी फिरवून पाहिली, म्हणाला, "ही तर याहून चांगली," आणि कूलरमध्ये टाकली. त्या दिवशी कूलर एकच होता. पाचवी पेटी रूट बीअरची आली. धाकटा पाच वर्षं ब्राटवर्स्टचा वाटा भरत होता आणि पैजेतलं बक्षीस त्याला पिताच येत नव्हतं, हे २०२० मध्ये कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

पैजेची अट लिहिली असती तर बरं झालं असतं, हे उघड आहे, पण मला वाटतं ती लिहिली असती तरी ऑक्टोबर २०२२ चा रविवार टळला नसता. लव्हच्या वादाने कोणाचं मन मोडलं नव्हतं. दोन वर्षं दोघं कडाकडा भांडून एकत्र जेवत होते. मोडलं ते एका माणसाच्या एकतीस वर्षांच्या कामाला पाहुण्यांसमोर हसण्याने, आणि हसणाऱ्यांत आम्ही सगळे होतो. दुसऱ्या दिवशी फोन करायला हवा होता. दादांनी नव्हे तर मी. दादांना ते जमलं नसतं, मला जमलं असतं.

मतदान करायलाच नको होतं. निम्मा हंगाम व्हायचा, लव्ह बाकावर, एक पक्ष गैरहजर. अशा वेळी दिलेला निकाल चौदा महिन्यांत उताणा पडला आणि वहीतलं ते पान आजही दिसतं. मी ते फाडू म्हणालो होतो, वहिनींनी फाडू दिलं नाही.

झूमची रात्र मात्र मी बदलली नसती. रागाच्या भरात लावलेल्या पैजेत मजा असते. फक्त दुसऱ्या दिवशी, डोकं थंड झाल्यावर, कुणीतरी त्याखाली चार ओळी लिहायच्या.

त्यानंतर

एप्रिल २०२५ चा ड्राफ्ट ग्रीन बेमध्येच भरला. दादा आणि धाकटा गेले. शेजारी गुडघ्याचं कारण सांगून घरी राहिला. तेविसाव्या क्रमांकावर पॅकर्सनी टेक्ससचा मॅथ्यू गोल्डन घेतला. रिसीव्हर. पहिल्या फेरीत रिसीव्हर घेण्याची २००२ नंतरची पहिलीच वेळ. दादांनी गर्दीतून शेजाऱ्याला फोन लावला. नुसता ओरडा ऐकू येत होता. शेजारी म्हणाला, "ऐकलं. आता याची पाच वर्षं मोजायची का?"

त्या रात्रीची नोंद वहीत पाऊण पान आहे. कसोट्या तीन, न्यायाधीश वहिनी, मुदत तारखेसह, पेट्यांची निवड, न पिणाऱ्याची सोय. खाली पाच सह्या.

पुढचं पान कोरं आहे. ऑगस्टमध्ये पॅकर्सनी मायका पार्सन्स या बचावपटूला आणण्यासाठी आपल्या केनी क्लार्कबरोबर २०२६ आणि २०२७ च्या पहिल्या फेरीतल्या निवडी डॅलसला देऊन टाकल्या, तेव्हा दोन वर्षं ड्राफ्टच्या पहिल्या रात्री आमच्याकडे वाट बघण्यासारखं काही नाही. शेजारी म्हणतो, मग पार्सन्सवरच लावू. दादा म्हणाले, "लावू की. वहिनींना बोलाव, आधी अट लिहू दे."